एकाच गोष्टीवर अख्खं सत्र: गोल्डिलॉक्स वापरून पाहिल्यानंतर

पाच-सहा वर्षांच्या मुलांना इंग्रजी शिकवायला एक परीकथा किती दिवस पुरेल? आमच्या गटात ‘गोल्डिलॉक्स आणि तीन अस्वलं’ (एक मुलगी अस्वलांच्या रिकाम्या घरात घुसून त्यांचं खाणं, खुर्च्या, पलंग वापरून बघते, ती गोष्ट) अख्खं सत्र पुरली. मुलांना अजून तिचा कंटाळा आलेला नाही. मला आलाय, ती गोष्ट वेगळी.

सिंड्रेला सोडून ही घेतली ती तिच्या बांधणीमुळे. सिंड्रेलात प्रसंग भराभर पुढे सरकतात, वाक्यं परत येत नाहीत. इथे तीन वाडगे, तीन खुर्च्या, तीन पलंग, आणि दर वेळी तेच वाक्य जरासं बदलून. ‘टू हॉट, टू कोल्ड, जस्ट राइट’ यातलं तिसरं मुलं लवकरच माझ्याआधी म्हणायला लागली. पुढे ‘टू बिग’, ‘टू लाउड’ त्यांच्या आपापसातल्या भांडणांत ऐकू आलं, तेव्हा मला खरी खात्री पटली.

सगळ्यात जास्त कमाई ‘समबडी हॅज बीन सिटिंग इन माय चेअर’ या वाक्याने करून दिली. व्याकरणाच्या पुस्तकात हा काळ बराच उशिरा येतो. मुलं मात्र नियम न विचारता अख्खं वाक्य उचलतात. मग त्यातला एकेक तुकडा बदलायचा. ‘समबडी हॅज बीन ड्रॉइंग इन माय बुक’ ही तक्रार माझ्याकडे अगदी गंभीर चेहऱ्याने आली, आणि ती खरीही होती.

आवाजांवर कंजुषी करू नका. इंग्रज कवी रॉबर्ट साउदीने १८३७ मध्ये ही कथा छापली, तेव्हा तिन्ही अस्वलांची वाक्यं वेगवेगळ्या आकाराच्या टायपात होती. मी तेच फळ्यावर केलं: थोरल्याचं वाक्य ढब्बू अक्षरांत, धाकट्याचं बारीक. जे मूल एरवी तोंडातल्या तोंडात पुटपुटतं, त्याला धाकट्या अस्वलाचं काम द्या. तिथे बारीक आवाजच हवा असतो, त्यामुळे ‘मोठ्याने बोल’ म्हणायची वेळ येत नाही. गटातली सगळ्यात अबोल दोन मुलं याच वाटेने बोलती झाली.

साउदीच्या कथेत घरात घुसणारी मुलगी नव्हतीच, एक म्हातारी होती. १८४९ मध्ये जोसेफ कंडल या इंग्रज प्रकाशकाने तिची छोटी मुलगी केली. हे सांगितल्यावर मुलांनी पाहुणे बदलायचा सपाटाच लावला. चोर आला, हत्ती आला, हत्तीने पलंग मोडला. वाक्यं तीच राहिली, त्यामुळे माझी काहीच हरकत नव्हती. गोल्डिलॉक्स माफी न मागता पळून जाते हे काहींना फार खटकलं. त्यांनी अस्वलांना पत्र लिहायचं ठरवलं: ‘आय अॅम सॉरी. आय ब्रोक युवर चेअर.’ भूतकाळाचा याहून चांगला धडा मला सुचला नसता.

आता उणी बाजू. वाचनाला या गोष्टीचा फारसा उपयोग नाही. ‘बेअर’ आणि ‘चेअर’ कानाला जुळतात, स्पेलिंगमध्ये नाहीत. अक्षरओळख वेगळीच घ्यावी लागते. दुसरं म्हणजे पोपटपंची. गोष्ट धडाधडा म्हणणाऱ्या मुलाला ‘काल काय खेळलास?’ असं इंग्रजीत विचारलं की गाडी अडते. म्हणून गोष्टीनंतर थोडा वेळ तरी साध्या गप्पा हव्यातच. आणि प्रत्येक वाक्याचा मराठी अर्थ सांगत बसू नका; मुलं इंग्रजी वाक्य सोडून अर्थाचीच वाट पाहतात. हातवारे आणि खरा वाडगा पुरतो.

पुस्तक घेताना आतली पानं चाळा. काही संक्षिप्त आवृत्त्यांत जागा वाचवायला पुनरुक्तीच कापलेली असते, म्हणजे नेमकं जे हवं तेच गायब. आठ वर्षांपुढच्या मुलांना ही गोष्ट बाळबोध वाटते, त्यांच्यासाठी नको. लहान गटाला पुढच्या सत्रात मी तीन बोकडांची नॉर्वेजियन लोककथा घेणार आहे: तिथेही तिघे, तिथेही तीन आवाज, शिवाय पुलाखालचा राक्षस.