सिड की रॉहाइड? टेस्टर जमवताना कुठून सुरुवात करावी

दहा-पंधरा जण आहेत, रोज लिनक्स वापरतात, ज्या सिस्टिमवर फुकटात काम चालतं तिच्यासाठी आपणही काहीतरी करावं असं त्यांना मनापासून वाटतं, पण कोडिंग जमत नाही. मग म्हणतात टेस्टिंग करू. आता यांना डेबियनच्या सिडवर बसवायचं की फेडोराच्या रॉहाइडकडे न्यायचं? (डेबियन आणि फेडोरा हे लिनक्सचे दोन प्रकार; सिड आणि रॉहाइड या त्यांच्या सतत बदलत्या, अजून तयार होत असलेल्या आवृत्त्या.) मी दोन्हीकडे माणसं नेलीयत, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

वरवर बघितलं तर दोन्ही सारखंच, म्हणजे नवीन पॅकेज आधी इथे येतं आणि मोडतंही इथेच. फरक आहे तो तुमच्या माणसाला नेमकं काय करायचंय यात.

सिडमधे काय टेस्ट करायचं हे कुणी सांगत नाही. पॅकेज अपलोड झालं की बहुतेक वेळा ५ दिवस सिडमधे राहतं (घाईचं असेल तर २, निवांत असेल तर १०) आणि तेवढ्यात कुणी गंभीर बग नोंदवला नाही आणि बाकीच्या चाचण्या पार पडल्या की पुढे 'टेस्टिंग' नावाच्या शाखेत सरकतं. म्हणजे तुमच्या टेस्टरचं काम एवढंच, की रोजचं काम त्याच्यावर करायचं आणि काही खटकलं तर त्या चार-पाच दिवसांत बोलायचं. ऐकायला सोपं वाटतं पण ही सवय सगळ्यांना नसते. २०२४ च्या मार्चमधलं एक्सझेड (फाइल्स लहान करणारं टूल) प्रकरण आठवतंय ना? डेव्हलपर आंद्रेस फ्रॉइंड सिडवर पोस्टग्रेस या डेटाबेसच्या वेगाची मोजमापं घेत होते, एसएसएच लॉगिनला (दुसऱ्या मशीनवरून आत शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्यांना जाणवलं आणि ते सोडून न देता ते खोलात गेले, म्हणून एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ मधला बॅकडोअर (चोरवाट) डेबियनच्या स्टेबलमधे, म्हणजे सगळ्यांसाठीच्या पक्क्या आवृत्तीत, पोचायच्या आत सापडला. असा माणूस तुमच्या ग्रुपमधे असेल तर त्याला सिडच द्या, दुसरीकडे नेऊन त्याचा वेळ घालवू नका.

पण सगळे तसे नसतात, आणि इथे माझी चूक झाली होती. एका रविवारी मी नऊ जणांच्या रोजच्या लॅपटॉपवर सिड टाकून दिलं, बरोबर दुसरी मशीन नाही, स्नॅपशॉट (मागे फिरता येईल अशी सिस्टिमची प्रत) नाही, काही नाही. महिन्याभरात तिघं उरले. एकाने प्रोजेक्ट सबमिशनच्या आदल्या रात्री फुल-अपग्रेड चालवलं, समोर "हे काढलं जाईल" म्हणून मोठी यादी आली, त्यात त्याचा अख्खा डेस्कटॉप होता आणि त्याने न वाचता एंटर मारलं. सिडचा यात दोष नाही, यादी दाखवलीच होती की. ती वाचायची आणि लांबलचक दिसली तर एन दाबून दोन दिवस थांबायचं, हे मी आधी सांगायला हवं होतं. अ‍ॅप्ट-लिस्टबग्ज पण पहिल्याच दिवशी टाकून द्यायला हवं होतं, ते इन्स्टॉलच्या आधीच गंभीर बग दाखवून विचारतं की पुढे जायचं का.

फेडोराकडे टेस्ट डे असतात आणि नव्या माणसांसाठी मला हे फार आवडतं. विषय ठरलेला, एक दिवस किंवा एक आठवडा ठरलेला, पानावर टेस्ट केस पायरी-पायरीने लिहिलेल्या, आणि चॅटवर क्यूएवाले (गुणवत्ता तपासणारे) स्वतः हजर. रॉहाइडची किंवा तिच्यातून फुटून निघालेल्या येत्या आवृत्तीची आयएसओ (अख्ख्या सिस्टिमची फाइल) पेनड्राइव्हवर टाका, लाइव्ह बूट करा, टेस्ट करा, तक्त्यात पास का फेल ते भरा, पेनड्राइव्ह काढा, लॅपटॉप होता तसा. नवा कर्नल आला की त्याचाही असा आठवडा असतो आणि तिथे जुना, विचित्र वायफाय चिपवाला लॅपटॉप असलेला माणूस सगळ्यात कामाचा.

आपल्या लोकांसाठी तर भाषांचा टेस्ट डे चुकवूच नका. एडिटर उघडायचा आणि टाइप करायचं: दुसऱ्या, तऱ्हा, वाऱ्यावर. रफार न होता तो आडवा अर्धा र नीट येतोय का? ल आणि श मराठी वळणाचे दिसतायत का हिंदी? दूर देशातल्या डेव्हलपरला हे कळणं अवघड, तुमच्या ग्रुपमधल्या कुणालाही बघताक्षणी कळतं. फेडोरातलं भारतीय भाषांचं बरंच काम रेड हॅटच्या पुण्यातल्या लोकांनी केलंय, तेव्हा हा बग वाचणारा माणूस तुमची भाषा जाणणारा असण्याची शक्यताही बरी आहे.

फेडोराची एक अडचण मात्र आहे. टेस्ट डे संपला की उत्साह पण संपतो. त्यासाठी बोधी ही फेडोराची साइट आहे, अपडेट बाहेर पडायच्या आधी तिथे वापरून प्लस वन किंवा मायनस वन द्यायचं, दहा मिनिटांचं काम, दर आठवड्याला एक जरी केलं तरी माणूस टिकतो.

बग नोंदवायला डेबियन सोपं वाटेल कारण खातं लागत नाही, रिपोर्टबग स्वतःच व्हर्जन वगैरे भरून मेल पाठवतं. फेडोराला बगझिला या बग नोंदवायच्या साइटवर खातं काढावं लागतं, ते सगळ्यांचं आधीच काढून ठेवा, नाहीतर टेस्ट डेचा पहिला तास त्यातच जातो. आयएसओ पण आदल्या रात्री उतरवून ठेवा, दोन जीबीच्या वर असते आणि पंधरा जणांनी एका हॉटस्पॉटवर एकदम सुरू केली तर संध्याकाळ होईल.

उबुंटूलाही रोजच्या आयएसओ आणि टेस्टिंग वीक असतो, वाईट नाही, पण मी तिथे ग्रुप घेऊन गेलेलो नाही म्हणून तुलना करत नाही.

माझं मत विचाराल तर ग्रुप नवा असेल तर डोळे झाकून फेडोराचा टेस्ट डे. दोन-तीन झाले की कोण स्वतःहून बारकावे पकडतंय ते तुम्हाला दिसेलच, त्या दोघा-तिघांना सिडवर न्या, तेही दुसऱ्या मशीनवर किंवा व्हर्च्युअल मशीनमधे. आणि दोन्हीकडे पहिला रिपोर्ट तुम्ही स्वतः वाचा, आपल्या मशीनवर तसंच होतंय का बघा, मग पाठवायला सांगा, कारण पहिल्याच बगला "माहिती अपुरी" असं उत्तर आलं की नवा माणूस परत लिहीत नाही.

आणि हो, डेबियनचं नवं स्टेबल नुकतंच आलं असेल तर सिडसाठी महिना-दोन महिने थांबा. रिलीजआधीच्या फ्रीझमधे (नवं काही घ्यायचं थांबवतात तेव्हा) अडकून पडलेलं सगळं तेव्हाच एकदम ओतलं जातं.