स्वीडिश घ्यावा की डीप टिश्यू? गंगापूर रोडवरच्या एका स्पाचा अनुभव

शिवणकाम करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, कुठे दुखतं? ती आधी मान सांगेल, मग उजवा खांदा, आणि शेवटी हात पुढे करून अंगठ्याखालचा मांसल भाग दाबून दाखवेल. कात्री दिवसभर त्याच अंगठ्यावर चालते. मी नाशिकला इंदिरानगरात घरीच ब्लाऊज शिवते. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात आणि येवल्याच्या पैठण्यांवरचे ब्लाऊज येऊन पडतात. काठावरचा मोर दोन्ही बाह्यांवर एकाच उंचीला यायला हवा, त्यासाठी कटिंग टेबलावर मान खाली घालून उभं राहायचं, आणि मग मशीनवर परत मान खालीच. डॉक्टरांना दाखवलं होतं. हाडाचं काही नाही, स्नायू आखडलेत, व्यायाम सोडू नका, असं त्यांनी सांगितलं. व्यायाम चालूच आहे. धाकटी नणंद म्हणाली, "वहिनी, ऑर्डरी संपल्या ना? आता चल माझ्याबरोबर. एकदा नीट मसाज घेऊन बघ."

आमच्याकडे मालीश म्हणजे बाळ-बाळंतिणीची. माझ्या बाळंतपणात पंचवटीतून एक मावशी यायच्या. तिळाचं तेल कोमट करून अंगाला रगडायच्या, मग कढत पाण्याने आंघोळ, ओव्याची धुरी. त्यांच्या हातात जोर होता आणि मायाही होती. आता त्या थकल्या आहेत, आणि त्यांच्या घरात पुढे हे काम कुणी धरलेलं नाही. स्पा म्हटलं की आपल्याकडच्या बायका कचरतात ते मला मान्य आहे. अनोळखी जागा, कपडे काढायचे, कोण हात लावणार ते माहीत नाही. म्हणून इथे नीट सविस्तर लिहिते आहे, म्हणजे जिला जायचं आहे तिला आधीच कळेल.

स्पाच्या कार्डावर मसाजांची बरीच नावं होती: थाई, बालीनीज, अभ्यंग, स्वीडिश, डीप टिश्यू, हॉट स्टोन, अरोमा. थाई मसाज अंगावर सैल कपडे ठेवून, जमिनीवरच्या गादीवर, बिनतेलाचा असतो. त्यात हातपाय ओढून ताण देतात. माझी कंबर त्याला तयार नव्हती. अभ्यंगात तेल भरपूर, डोक्यापासून पायापर्यंत. तो मला आवडतो, पण तेल केसांतून निघेपर्यंत दिवस जातो. राहिले पाश्चात्त्य पद्धतीचे. यात उंच टेबल असतं, पालथं झोपल्यावर चेहरा ठेवायला त्याला भोक असतं, तेल बेताचं लावतात आणि ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा ठेवतात.

स्वीडिश आणि डीप टिश्यू यांतच माझा गोंधळ होता, आणि बहुतेकींचा तिथेच होतो. डीप टिश्यू महाग, म्हणजे तो जास्त गुणकारी, असा समज असतो. तसं नाही. स्वीडिशमध्ये पूर्ण अंगावर काम होतं: आधी लांब, सलग हात फिरवून स्नायू सैल करायचे, मग ते पकडून मळायचे, मग अंगठ्याने किंवा बोटांनी एका जागी घोटायचं, हलक्या हाताने थापटायचं, आणि कुठे कुठे हात थरथरवायचा. या पाच क्रिया आजही फ्रेंच नावांनी शिकवतात. नाव स्वीडनचं, कारण पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोमला व्यायामविद्येची संस्था काढली आणि त्यांच्या नावाशी हा मसाज जोडला गेला. मसाजाच्या क्रियांची अशी मांडणी मात्र योहान मेझगर या डच डॉक्टरांकडे जाते. डीप टिश्यूमध्ये वेग अगदी कमी आणि दाब खोल असतो. कोपर, मनगटाच्या वरचा हात, बोटांचे सांधे वापरून एकाच पट्ट्यावर बराच वेळ थांबतात. ज्याला एका ठिकाणची जुनी गाठ सोडवायची आहे, त्याच्यासाठी तो. पूर्ण अंग शिणलं असेल तर स्वीडिशच बरा.

मला हा स्पा आवडला त्याचं पहिलं कारण काउंटरवरच मिळालं. त्या मुलीने कार्ड पुढे सरकवून "कोणता देऊ?" असं विचारलं नाही. तिने विचारलं, "दिवसभर काय काम करता? कुठे दुखतं? कुठे हात लावलेला चालणार नाही?" मग एक फॉर्म भरून घेतला. रक्तदाब, मधुमेह, नुकतं झालेलं ऑपरेशन, गरोदरपण, पायात फुगलेल्या शिरा, त्वचेचा आजार, रक्त पातळ करण्याची गोळी. मी रक्तदाबाची गोळी घेते. ते लिहिल्यावर तिने थांबून विचारलं, रक्तदाब आटोक्यात आहे का, डॉक्टरांची काही मनाई आहे का. हे प्रश्न वरवरचे नाहीत. पायाच्या खोल शिरेत गुठळी असेल आणि तिथे दाबलं तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना खोल दाब दिला तर काळेनिळे डाग उठतात. ताप असेल तर मसाज नकोच. जिथे हे काहीच विचारत नाहीत, तिथून पैसे देण्याआधीच उठावं, हे मी अगदी मनापासून सांगते.

तिनेच सुचवलं: साठ मिनिटांचा स्वीडिश घ्या, पण वेळ सगळीकडे सारखा वाटून द्यायचा नाही, पाय थोडक्यात, आणि मान, खांदे, हात यांना जास्त. मला इतके दिवस वाटायचं, कार्डावर लिहिलंय तेवढंच आणि तसंच मिळतं. थेरपिस्ट बाईच असेल हे तिने न विचारता सांगितलं. खोलीच्या दाराला आतून कडी होती, कपडे बदलायला वेगळी जागा होती आणि वापरून टाकायचे अंतर्वस्त्र पाकीटबंद होते.

थेरपिस्ट मिझोरमची, पंचविशीतली, हिंदी बोलणारी. टेबलावर पालथी झोपले, अंगावर मोठा टॉवेल. तिने आधी टॉवेलवरूनच पाठीवर दोन्ही तळवे ठेवले, थोडं थांबली, आणि मग खांद्याकडचा टॉवेल कमरेपर्यंत दुमडून कडा आत खोचली. पाय करायची वेळ आली तेव्हा पाठ झाकून एकच पाय बाहेर काढला. उताणं व्हायचं होतं तेव्हा टॉवेलची एक कड टेबलाला आपल्या मांडीने दाबून धरली, दुसरी हाताने उंच केली आणि तोंड फिरवलं, म्हणजे मी खालच्या खाली वळले. तेवढ्या वेळात एकदाही अवघडल्यासारखं झालं नाही. ज्या बायका या एका भीतीमुळे जात नाहीत, त्यांनी हे लक्षात ठेवावं की टॉवेल असा सांभाळणं हा कामाच्या शिकवणीचाच भाग आहे. कुणी तो सांभाळत नसेल तर तिथल्या तिथे थांबवायला सांगा.

तेल द्राक्षबियांचं होतं. वाइनसाठी द्राक्षं पिळली की जो चोथा उरतो, त्यातल्या बियांतून हे निघतं. हलकं असतं, वास जवळजवळ नाही, हात सहज सरकतो, म्हणून मसाजात ते फार वापरतात. बाटलीवर मात्र परदेशी कंपनीचं लेबल. दिंडोरी आणि विंचूरकडे एवढ्या वायनरी असताना नाशिकमधल्या टेबलावर हे तेल बाहेरून यावं, याची मला खंत वाटते. कुणी इथेच चांगलं काढत असेल तर मी तेच मागून घेईन.

उजव्या खांद्याच्या पात्याच्या आतल्या कडेला तिचा अंगठा आला तेव्हा मला कळलं की नेमकं इथेच. "दीदी, यहाँ बहुत टाइट है. प्रेशर ठीक है?" ठीक होता, पण श्वास अडकला. तिने दाब वाढवला नाही, श्वास सोडायला सांगितलं आणि सोडताना अंगठा कडेकडेने वर नेला. अस्तर वरच्या कापडाला चिकटून बसलं की ब्लाऊज कितीही सरळ करा, खेचतोच. अस्तर मोकळं झालं की आपोआप बसतो. खांद्यात तसंच काहीतरी मोकळं होताना जाणवलं. मग तिने हात घेतला. तळहात वर करून माझी करंगळी आणि अंगठा आपल्या बोटांत अडकवले आणि तळवा दोन्हीकडे ताणून उघडला. अंगठ्याखालच्या गादीवर आपल्या दोन्ही अंगठ्यांनी मनगटाकडून वर असं सावकाश घोटत राहिली. मग अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधली कातडी चिमटीत धरून हलकेच दाबली. तिथे इतकं दुखतं हे मलाही ठाऊक नव्हतं. कात्रीने पडलेल्या घट्ट्यावर तिचं बोट थांबलं. "सिलाई का काम है ना?" माझी आईही शिवते, म्हणाली.

थापटण्याचा भाग तिने पाठीच्या वरच्या भागावर आणि पोटऱ्यांवर केला. कमरेवर, मूत्रपिंडाच्या जागी केला नाही. जाणती होती.

नणंदेने डीप टिश्यू घेतला आणि तिच्यासाठी तोच योग्य होता. ती बँकेत बसते, पण रविवारी सायकल काढून त्र्यंबकेश्वरकडे जाते, कधी पुढे पहिन्याच्या बाजूला. तिच्या मांडीच्या बाहेरची कडा आणि पोटऱ्या दगड झाल्या होत्या. तिच्या थेरपिस्टने जवळजवळ सगळा वेळ तेवढ्याच भागावर घालवला. बाहेर आली ती लंगडत, आणि दुसऱ्या दिवशी फोन केला, "वहिनी, जिना उतरवत नाहीये गं." खोल दाबानंतर एक-दोन दिवस असं ठणकणं नेहमीचं आहे, त्याची तयारी ठेवून जावं, लग्नाच्या आदल्या दिवशी डीप टिश्यू घेऊ नये. त्यानंतर मात्र तिचे पाय हलके झाले. दाब सोसण्यापलीकडे गेला तर सांगायचं असतं. दुखेल तेवढं गुणकारी हा समज चुकीचा आहे, कारण स्नायू घाबरून आणखी आवळतात.

हॉट स्टोन मी घेतला नाही, पण थेरपिस्टला विचारून घेतलं. काळे गुळगुळीत बेसॉल्टचे दगड पाण्यात गरम करतात, कारण बेसॉल्ट उष्णता बराच वेळ धरून ठेवतो. आपला सह्याद्रीही बेसॉल्टचाच, म्हणून तो डबा मी जरा जवळून पाहिला. दगड आधी आपल्या हाताला लावून बघतो, असं ती म्हणाली. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी हा टाळावा. चटका बसलेला कळत नाही. अरोमा म्हणजे बहुतेक ठिकाणी स्वीडिशच, फक्त तेलात लॅव्हेंडर वगैरेचे थेंब. ज्यांना वासाने डोकं चढतं त्यांनी वरचे पैसे देऊ नयेत.

आता न पटलेल्या गोष्टी. एसी फार थंड होता. सांगितल्यावर कमी केला, पण तेल लावलेल्या अंगाला आधीच विचारायला हवं. साठ मिनिटांत कपडे बदलणं धरलेलं होतं, त्यामुळे टेबलावरचा वेळ थोडा कमीच मिळतो; हे फोनवर सांगायला हवं होतं. आणि शेवटचं मला खरोखर खटकलं. मसाज झाल्यावर कोमट पाणी देताना काउंटरवर सांगितलं गेलं की शरीरातले विषारी घटक निघाले, आता दर आठवड्याला यायला हवं, आणि लगेच मेंबरशिपचा कागद. शरीर साफ ठेवायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत, मसाज ते काम करत नाही. मसाजाने आखडलेपण सुटतं, झोप चांगली लागते, मन शांत होतं. एवढं पुरेसं आहे, आणि एवढ्यासाठी मी आनंदाने पैसे देईन. अंग सैल पडलेलं, डोकं अजून जाग्यावर नाही, अशा वेळी कुणापुढे पैशाचा कागद ठेवू नये. इतकी गुणी मुलगी आत काम करते, तिच्या हाताचं मोल या घाईने कमी होतं.

मेंबरशिप मी घेतली नाही. त्या रात्री गाढ झोप लागली, आणि पुढचे काही दिवस मान डावीकडे वळवताना जी कळ यायची ती आली नाही. मग हळूहळू परत आली, कारण काम तेच आहे. डॉक्टरांनी दिलेले व्यायाम, टेबलाची उंची वाढवणं आणि मध्ये मध्ये उठणं, याला मसाज हा पर्याय नाही. टेबलाखाली मी आता लाकडी ठोकळे लावले आहेत. पण सीझन संपल्यावर एकदा, असा नेम ठेवायचं ठरवलं आहे, आणि पुढच्या वेळी पूर्ण अंगाऐवजी फक्त मान, खांदे आणि हात यांचा अर्ध्या तासाचा घेईन. तो कार्डावर अगदी खाली, बारीक अक्षरात आहे. शिवणाऱ्या, फळ्यावर लिहिणाऱ्या, दिवसभर कॉम्प्युटरवर बसणाऱ्या बायकांसाठी तोच सगळ्यात उपयोगाचा आहे असं माझं मत झालं आहे.

साठ मिनिटांच्या स्वीडिशचे मी १,८०० रुपये दिले, डीप टिश्यूचे २,२०० झाले, पावती मिळाली. शनिवार-रविवारी गर्दी असते, आठवड्यात दुपारी निवांत. पोटभर जेवून जाऊ नका. फोन करतानाच थेरपिस्ट बाई हवी, टेबलावरचा वेळ किती आणि वेळ कुठे जास्त द्यायचा, हे बोलून घ्या. पार्किंग रस्त्यावरच आहे, संध्याकाळी जागा मिळत नाही. सिटी बसने किंवा रिक्षाने गेलेलं बरं, येताना तर नक्कीच, कारण गाडी चालवायची इच्छा उरत नाही.