बाळंतपण तालुक्याला करावं की जिल्ह्याला?

थोरल्याच्या वेळी आम्ही तालुक्याचा सरकारी दवाखाना धरला, धाकटीच्या वेळी थेट जिल्हा रुग्णालय. दोन्हीकडच्या बाकड्यांवर रात्री काढल्यात, म्हणून लिहितोय. खाजगीचंही विचारून आलो होतो. सिझर झालं तर खलाशी म्हणून मिळणारा हंगामाचा पैसा तिथेच संपणार होता, मग विषय मिटला.

पैशाच्या बाबतीत दोन्ही सारखेच. 2011 पासून सरकारीत प्रसूती, सिझर, औषधं, रक्त, बाळंतिणीचं जेवण, जायची-यायची गाडी, सगळं फुकट. दारिद्र्यरेषेखालच्या खेड्यातल्या बाईला जननी सुरक्षा योजनेचे 700 रुपये वेगळे. कागद कुठले लागतात ते आशाताई सांगतेच.

तालुक्याचं सुख मोठं. घरापासून रिक्षाने वीस मिनिटं, सिस्टर ओळखीची, आई दुपारी घरी जाऊन गरम पेज घेऊन यायची. जिल्ह्याला गर्दी, कुठल्या खिडकीवर जायचं ते कळेपर्यंत सकाळ जाते.

पण थोरल्याच्या वेळी रात्री दीडला सिस्टर बाहेर आली. ‘पिशवीचं तोंड उघडत नाहीये. सिझर लागलं तर भूल द्यायला डॉक्टर नाहीत. रेफर करते.’ जुलै महिना, होड्या वर ओढलेल्या, म्हणून मी घरी तरी होतो. गाडी यायला पाऊण तास, पुढे दीड तास खड्डे. सलाईन लटकवायचा हूक तुटका, बाटली मीच हातात धरून उभा. दर वळणाला बायको माझा पाय गच्च धरायची. जिल्ह्याला पोचलो आणि अर्ध्या तासात बाळंत झाली, तीही नॉर्मल! खड्ड्यांनीच काम केलं, असं आई अजून म्हणते.

सिस्टरला बोल लावत नाही, ती बिचारी शेवटपर्यंत राबली. पण ते ‘रेफर’ दिवसाउजेडी, चार दिवस आधी ऐकवलं असतं तर?

धाकटीच्या वेळी तारखेआधी पाच दिवस मावशीकडे जाऊन राहिलो. कळा सुरू झाल्या, दहा मिनिटांत वॉर्डात. हेही नॉर्मलच, म्हणजे तालुक्यालाही झालं असतं, कबूल. घरात लहान पोरं असतील, आधीची बाळंतपणं सुरळीत झाली असतील, तर तालुका वाईट नाही. पहिलटकरीण असेल, रक्त कमी असेल, बीपी असेल, तर मी तरी तो जुगार खेळणार नाही.

दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायांची तपासणी असते. तेव्हा डॉक्टरांना एवढंच विचारा, भूल देणारे रात्री असतात का? ‘बोलावून घेतो’ असं उत्तर आलं, तर जिल्हा रुग्णालयाच्या गावी, रत्नागिरीला म्हणा, सिंधुदुर्गात ओरोसला म्हणा, एखादी मावशी शोधून ठेवा.