डान्टे, मिलान की एईएस६७? सभागृहासाठी ध्वनी-नेटवर्क निवडताना

सभागृहातला जाड मल्टिकोर (मंचावरून मिक्सरपर्यंत अनेक चॅनेल नेणारी केबल) काढून त्या जागी नेटवर्क केबल टाकायची, एवढे ठरल्यावर पुढचा प्रश्न ध्वनीच्या दर्जाचा उरत नाही, कारण ४८ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिटला डान्टे, मिलान आणि एईएस६७ या नेटवर्कवरून ध्वनी नेणाऱ्या तिन्ही पद्धती आवाज जसाच्या तसा पोहोचवतात. फरक पडतो तो सेटिंगचा भार कोणी उचलायचा यात. डान्टेमध्ये तो यंत्रणा चालवणाऱ्यावर येतो, मिलानमध्ये बराचसा स्विचवर (नेटवर्कच्या केबली एकत्र जोडणाऱ्या पेटीवर) जातो, आणि एईएस६७ मध्ये, स्पष्टच सांगायचे तर, ज्याच्या हाती लॅपटॉप सापडेल त्याच्यावर.

सिडनीच्या ऑडिनेट कंपनीची डान्टे ही पद्धत नेहमीच्या गिगाबिट स्विचवर चालते. वेगवेगळ्या कंपन्यांचे मिक्सर आणि स्टेज बॉक्स (मंचावर माईक जोडायच्या पेट्या) डान्टे कंट्रोलर या मोफत सॉफ्टवेअरच्या एकाच तक्त्यात दिसतात. हव्या त्या चौकटीवर क्लिक केले आणि हिरवी खूण उमटली की पॅचिंग, म्हणजे कोणता आवाज कुठे जायचा त्याची जोडणी, झाले. दोन उपकरणांचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो दर) वेगळा असेल तर मात्र ती खूण उमटतच नाही. नेहमीचा स्विच चालतो म्हणजे कसाही चालतो, असे नव्हे. वीज वाचवणारी ईईई ही सोय बंद करावीच लागते, आणि मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच असल्यास क्यूओएस या अग्रक्रमाच्या सेटिंगमध्ये क्लॉकच्या, म्हणजे सर्व उपकरणांची वेळ जुळवणाऱ्या, पॅकेटांना (डीएससीपी हा ओळखीचा आकडा ५६) सर्वांत वरचा आणि ध्वनीच्या पॅकेटांना (डीएससीपी ४६) त्याखालचा अग्रक्रम द्यावा लागतो. कार्यक्रमभर चालू राहणाऱ्या एखाद्या उपकरणाला ‘प्रिफर्ड लीडर’, म्हणजे क्लॉक देणारे पसंतीचे उपकरण, म्हणून नेमून ठेवावे. लेटन्सी (आवाज पोहोचण्यातला उशीर) ही ध्वनी घेणाऱ्या उपकरणावर ठरते. मूळची १ मिलिसेकंद बहुतेक सभागृहांना पुरते, आणि लॅपटॉपवरील व्हर्च्युअल साउंडकार्ड (लॅपटॉपला डान्टेशी जोडणारे सॉफ्टवेअर) मुळातच किमान ४ मिलिसेकंद घेत असल्याने तिथे पाव मिलिसेकंदासाठी झगडण्यात अर्थ नाही. सर्वांत मोठा घोटाळा दोन पोर्टांच्या उपकरणात होतो: ते ‘स्विच्ड’ मोडमध्ये (दोन्ही पोर्ट एकाच नेटवर्कचे) असताना सुरक्षिततेच्या हेतूने दोन्ही केबली एकाच स्विचला लावल्या की लूप (पॅकेटे गोल फिरत राहतील अशी वाट) तयार होतो आणि सगळे नेटवर्क कोलमडू शकते. दुहेरी मार्ग हवा असेल तर ‘रिडंडंट’ मोड निवडून दुसऱ्या पोर्टासाठी वेगळाच स्विच ठेवावा.

मिलान हे एव्हीबी या, नेटवर्कवरून ध्वनी-चित्र वेळेवर पोहोचवण्यासाठीच्या, आयईईई संस्थेच्या मानकांवर उभे असून अव्नू अलायन्स या उद्योग-संघटनेने ते २०१८ मध्ये पुढे आणले. यात स्विच स्वतःच ध्वनीसाठी बँडविड्थ राखून ठेवतो, मूळ मर्यादेनुसार ७५ टक्क्यांपर्यंत. जागा नसेल तर जोडणी होतच नाही, त्यामुळे ऐन प्रयोगात गर्दी वाढून आवाज तुटण्याची धास्ती राहत नाही. अट एकच, पण कडक: वाटेतला प्रत्येक स्विच एव्हीबी जाणणारा हवा. दौऱ्यावर तालुक्याच्या गावी स्विच बंद पडला तर संगणकाच्या दुकानात गिगाबिट स्विच मिळून जाईल, एव्हीबीचा मिळण्याची आशा धरू नये. एल-अकुस्टिक्स किंवा मेयर साउंडची कायमस्वरूपी स्पीकर यंत्रणा बसत असेल, तर मात्र मी मिलानच सुचवेन.

२०१३ चे एईएस६७ हे या दोघांसारखे परिपूर्ण उत्पादन नव्हे. निरनिराळ्या पद्धतींमध्ये ध्वनीची देवाणघेवाण व्हावी म्हणून केलेले ते मानक आहे. उपकरणांनी एकमेकांना शोधायचे कसे, हे त्यात ठरवलेलेच नाही. डान्टे उपकरणात हा मोड चालू करून ते रीबूट करावे लागते, आणि मग ४८ किलोहर्ट्‌झ व मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना पाठवणे) एवढेच पर्याय एईएस६७ च्या जोडणीसाठी उरतात. स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (मल्टिकास्ट मागणाऱ्या पोर्टांपुरतेच ठेवणारी सोय) नसेल तर हे मल्टिकास्ट प्रत्येक पोर्टावर पसरते. प्रक्षेपणासाठी रेडिओ स्टुडिओकडे चार-आठ चॅनेल द्यायचे असतील तरच याच्या वाटेला जावे.

भाड्याने साउंड देणाऱ्यांनी आणि नाट्यगृहांनी डान्टे घ्यावे, असे माझे मत आहे. ऑर्डर देण्यापूर्वी हातातला मिक्सर तपासावा: यामाहाच्या क्यूएल मालिकेत डान्टे अंगभूत आहे, तर बेहरिंगर एक्स३२ ला ३२ चॅनेलांचे वेगळे कार्ड लागते, आणि त्याला कार्डाचा स्लॉट एकच असल्याने ते बसवले की आधीचे यूएसबी रेकॉर्डिंगचे कार्ड काढावे लागते.