जवसाचं तेल: ब्रोमीन की परमँगनेट?

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात अकरावीच्या पोरांना दुहेरी बंध, म्हणजे दोन कार्बन अणूंमधला दुप्पट जोड, दाखवायचा तर मी घाणीवरचं जवसाचं तेल घेतो. त्यातल्या लिनोलेनिक आम्लात असे तीन बंध असतात.

ब्रोमीनचं नारिंगी द्रावण थेंबथेंब टाकून हलवलं की रंग उडतो. दोन ब्रोमीन अणू बंधाच्या विरुद्ध बाजूंनी जोडले जातात. दुहेरी बंध ओळखायची दुसरी रीत म्हणजे बायरची परीक्षा; तिच्यात थंड, सौम्य, अल्कधर्मी पोटॅशियम परमँगनेट लागतं, विहिरीत टाकतात तेच. जांभळा रंग जाऊन मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी गाळ दिसतो, दोन हायड्रॉक्सिल (OH) गट एकाच बाजूने बसतात.

परमँगनेटचा रंग अल्डिहाइड या वेगळ्या प्रकारच्या संयुगांनीही जातो, म्हणून निकालासाठी माझा भरवसा ब्रोमीनवरच. पोरांच्या हाती मात्र परमँगनेट देतो. ब्रोमीनची वाफ डोळ्यांना झोंबते, कातडी भाजते.