जुन्या नाण्यांची ऑनलाइन खरेदी: अकरा महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षी गणपती उठले आणि एका मित्राने मला नाणेसंग्राहकांच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहात घेतलं. तोवर माझी सगळी खरेदी प्रदर्शनात, नाणं हातात घेऊन, भिंगाखाली बघून व्हायची. अकरा महिन्यांत इथे चाळीसेक व्यवहार केले. माणसं चांगली भेटली, चांगल्या शिवराया, म्हणजे मराठेशाहीतली तांब्याची नाणी, मिळाल्या. पण एकदा पैसे गेले आणि एकदा अगदी थोडक्यात वाचलो.

पैसे गेले ते १९११च्या ‘पिग’ रुपयापायी. पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि १९१२पासून हत्तीचं चित्र बदललं. त्यामुळे १९११चा रुपया सगळ्यांना हवा असतो. फोटो सुरेख होता, तीन हजार आगाऊ पाठवले, दुसऱ्या दिवशी माणूस गायब. पुढे तोच फोटो एका जुन्या लिलावाच्या यादीत सापडला, राजाच्या गालावरच्या तिरक्या चऱ्यासकट. तेव्हापासून मी आजची तारीख आणि माझं नाव लिहिलेली चिठ्ठी नाण्याशेजारी ठेवून फोटो मागतो, शिवाय एक फोटो काट्यावरचा. राणीछाप १८६२पासून १९३९पर्यंतचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा. झिजून थोडा कमी भरेल, पण साडेबारा भरला तर विषय संपला. वजन बरोबर आलं म्हणून नाणं अस्सल ठरत नाही. ओतीव नकलेच्या कडेला सांधा आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रं दिसतात, म्हणून कडेचा फोटोही घ्यावा.

अनोळखी भामट्याला अडवायला ही चिठ्ठी पुरते. ओळखीच्या माणसाचं व्हॉट्सअ‍ॅप खातंच चोरीला गेलं, तर मात्र आपण चिठ्ठी मागतच नाही. तिथेच मी अडकणार होतो.

समूहात नगरकडचे एक काका आहेत. त्यांचे फोटो कायम वहीच्या रेघांच्या पानावर, आकार कळावा म्हणून शेजारी सुपारी. लिहिणार, ‘दादा, बघून घ्या, घाई नाही.’ फेब्रुवारीत एका रात्री साडेदहाला त्यांच्या नावाने सहा नाणी आली, काळ्या मखमलीवर, निम्म्या भावात. ‘ब्रो, हॉस्पिटलचं अर्जंट आहे, आत्ता पेमेंट करेल त्याला.’ काळजीपोटी मी पैसे पाठवायलाच निघालो होतो. पण क्यूआर कोड स्कॅन केल्यावर भलतंच नाव आलं आणि हात थांबला. मी विचारलं, ‘काका, दिवाळीत तुमच्याकडून काय घेतलं होतं मी?’ उत्तर आलं नाही. मग साधा फोन लावला, व्हॉट्सअ‍ॅप कॉल नव्हे. सिम काकांच्याच फोनमध्ये होतं, त्यांनी झोपेतून उचलला. संध्याकाळी कुणीतरी ‘चुकून तुमच्या नंबरवर कोड गेला’ म्हणून सहा आकडे मागितले होते आणि भलेपणाने काकांनी दिले होते. तो काकांच्याच व्हॉट्सअ‍ॅपचा कोड होता, त्यावरून चोराने त्यांचं खातं आपल्या फोनवर चालू केलं.

त्या प्रश्नाचा उपयोग असा की चोराने दुसऱ्या फोनवर खातं चालू केलं, तर सहसा जुने संवाद त्याच्यासोबत येत नाहीत. मात्र ‘लिंक्ड डिव्हाइस’मधून, म्हणजे तेच खातं दुसऱ्या उपकरणाला जोडून, शिरला असेल, तर जुनं त्यालाही दिसू शकतं. म्हणून प्रश्नावर न थांबता फोन करायचाच. चोराने खात्याला स्वतःचा पिन लावून ठेवल्यामुळे काकांना सात दिवस थांबावं लागलं. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा हा पिन आपण आधीच लावला असेल, तर नुसता कोड मिळून चोराचं भागत नाही. दोन मिनिटांचं काम आहे, आजच करा.

त्या रात्री दोघांनी पैसे पाठवले होते. एकाने लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, त्याची काही रक्कम पुढे जाण्याआधी गोठवली गेली. दुसऱ्याने लाजेपोटी दोन दिवस कुणाला सांगितलंच नाही, त्याचे सगळे गेले.

‘वैष्णोदेवीचं नाणं लाखाला घेतो, आधी रिझर्व्ह बँकेची फी भरा’ असे निरोपही येतात. जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात आपण नसतो आणि त्यासाठी कसलंही शुल्क घेत नाही, हे बँकेने ऑगस्ट २०२१मध्येच जाहीर केलं आहे. असे निरोप सरळ काढून टाका.

समूहात मी राहणार आहे, पण पाच हजारांवरची वस्तू आता प्रदर्शनातच घेतो. भाव निम्म्यावर आला की विक्रेत्याला आधी कुणीतरी फोन करायचा, असा नियम व्हावा म्हणून ॲडमिनच्या मागे लागलो आहे. काका परत आले आहेत. परवाच त्यांनी एक शिवराई टाकली, रेघांच्या पानावर, शेजारी सुपारी आणि तारखेची चिठ्ठी.