५० लाखांचे स्वप्न : मुदत ठेव की यंत्रमाग?

लॉटरीत ५० लाख रुपये लागले तर काय करावे, या विचारात आधी कराचा हिशेब येतो. ३० टक्के प्राप्तिकर आणि त्या करावरील ४ टक्के उपकर वजा जाता, दुसरे उत्पन्न नसल्यास, हाती ३४ लाख ४० हजार रुपये उरतात.

ही रक्कम मुदत ठेवीत सुरक्षित राहील; मात्र ठेव विम्याचे संरक्षण प्रत्येक बँकेत व्याजासह ५ लाखांपर्यंतच असल्याने ती सात-आठ बँकांत विभागावी लागेल.

दुसरा पर्याय सोलापूरच्या पूर्व भागात जुने जेकार्ड माग, म्हणजे नक्षीदार कापड विणणारे यंत्रमाग, घेण्याचा आहे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन असले, तरी सूत महागले की नफा आटतो, उठाव मंदावला की माल पडून राहतो आणि विणकरांची मजुरी मात्र वेळेवर द्यावीच लागते. तरीही, ज्या मागांचा खडखडाट ऐकत मी लहानाचा मोठा झालो, त्यांपैकी बंद पडलेले चार पुन्हा चालू व्हावेत आणि त्यांवर काही घरांच्या चुली पेटाव्यात, ही ओढ मला व्याजापेक्षा अधिक मोलाची वाटते. म्हणून निम्मी रक्कम ठेवीत ठेवून उरलेली मी मागांवर लावीन.